वर्नेथचे बीड, गिरणगावच्या चात्या

इंग्लंडच्या वायव्येस, मँचेस्टरपासून ईशान्येकडे सुमारे ११ किलोमीटरवर, पेनाइन डोंगररांगेच्या उतारावर ओल्डहॅम हे शहर वसलेले आहे आणि त्याच्या पश्चिम अंगाला, मुख्य बाजारपेठेला लागूनच, वर्नेथ हे उपनगर आहे. कारखाने आणि कामगारांची घरे एकमेकांना खेटून उभी राहिलेल्या लँकेशायरच्या अनेक वस्त्यांपैकीच ही एक. तिच्यात वरवर पाहता वेगळे असे काही दिसत नाही. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पुढे सुमारे शंभर वर्षे सूत कातण्याची यंत्रे जगात सर्वांत मोठ्या प्रमाणावर जेथे बनत होती, ते हे ठिकाण आहे, आणि मुंबईच्या गिरणगावाचा इतिहास लिहिताना परळ-लालबागइतकाच वर्नेथचाही विचार करावा लागतो. लँकेशायरचा कापडधंदा आणि त्याचे परदेशी प्रतिस्पर्धी यांच्या झगड्याचा इतिहास बहुधा सूत व कापड यांच्या आकड्यांतून सांगितला जातो. तो यंत्रांच्या बाजूने पाहिला तर असे दिसते की त्या प्रतिस्पर्ध्यांच्या हातात हत्यार दिले ते याच उपनगराने.

वर्नेथ हे नाव इंग्रजीहून जुन्या, केल्टिक भाषेतले असून, ओलसर जमिनीत वाढणाऱ्या आल्डर नावाच्या झाडाशी त्याचा संबंध जोडला जातो. म्हणजे दलदलीत आल्डरची दाटी असलेली जागा, असा त्याचा अर्थ होतो. मध्ययुगात येथे एक जमीनदारी होती आणि तिचे मुख्य घर ‘वर्नेथ हॉल’ या नावाने ओळखले जाई. जमीन हलकी, हवा थंड आणि पाऊस सततचा, त्यामुळे धान्याच्या शेतीवर येथे कोणाचेच नीट भागत नसे, आणि आसपासची कुटुंबे मेंढपाळी व थोडीफार शेती करून उरलेल्या वेळी घरातच हातमागावर लोकरीचे कापड विणत. पुढे जे घडले त्याचे मूळ या गरिबीत आहे. यंत्रयुग येण्याआधीच या भागातील माणसांच्या हातांना सुताची सवय झालेली होती, पायांखाली कोळशाचे थर होते, आणि ज्या ओलसर हवेने शेतीची दैना केली तीच हवा कापसाचे तंतू तुटू नयेत म्हणून कातणाऱ्याला हवी असते. अठराव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत ओल्डहॅममध्ये पहिल्या सूतगिरण्या उभ्या राहिल्या. १८०१ मध्ये शहराची लोकसंख्या सुमारे १२,००० होती. १९०१ मध्ये ती १,३७,००० च्या वर गेली.

वर्नेथचे रूप पालटले ते मात्र लोहमार्गामुळे. ओल्डहॅम उंचावर आणि मँचेस्टरकडून येणारा मुख्य मार्ग खालच्या सपाटीवर, अशी अडचण असल्याने मँचेस्टर-लीड्स लोहमार्गाच्या मिडलटन येथील फाट्यापासून एक शाखा चढवून ३१ मार्च १८४२ रोजी वर्नेथला आणण्यात आली आणि काही वर्षे ओल्डहॅमचे स्थानक म्हणजे वर्नेथच होते. या मार्गावरील चढ २७ फुटांना १ फूट इतका होता. प्रवासी गाड्या नित्य चालत अशा ब्रिटिश मार्गांवरील हा सर्वांत तीव्र चढ मानला जाई, आणि सुरुवातीच्या काळात गाडी वर ओढण्यासाठी दोराची मदत घ्यावी लागे. १८४७ मध्ये मार्ग शहराच्या दुसऱ्या टोकाला मम्प्सपर्यंत पोहोचला, तरी अवजड माल चढवण्या-उतरवण्याची सोय वर्नेथला आधी झाली होती आणि ज्याला लोखंड, कोळसा व भल्यामोठ्या पेट्या हलवायच्या होत्या अशा कारखानदाराला रुळांच्या कडेची ती मोकळी जमीन सोयीची होती.

असा कारखाना होता हिबर्ट आणि प्लॅट यांच्या भागीदारीचा. हेन्री प्लॅट हा सॅडलवर्थमधील डॉबक्रॉस या डोंगराळ खेड्याचा. त्याच्या घराण्यात कापूस व लोकर पिंजण्याची यंत्रे बनवण्याचा धंदा होता. १८२० च्या दशकात तो ओल्डहॅमला आला आणि एलायजा हिबर्टबरोबर त्याने भागीदारी केली. शहराच्या पूर्वेकडील त्यांचा जुना कारखाना ‘हार्टफर्ड वर्क्स’ या नावाने चाले. १८४० च्या दशकात वर्नेथ स्थानकाजवळ जो नवा कारखाना उभारण्यास सुरुवात झाली त्याला ‘हार्टफर्ड न्यू वर्क्स’ म्हणू लागले. हेन्री १८४२ मध्ये आणि हिबर्ट १८४६ मध्ये वारला, १८५४ मध्ये हिबर्ट घराण्याचा हिस्सा प्लॅट बंधूंनी विकत घेतला, आणि ‘प्लॅट ब्रदर्स’ हे नाव तेव्हापासून जगभरच्या गिरण्यांत पोहोचले.

हा कारखाना नेमका याच वेळी का वाढला, याचे उत्तर एका कायद्यात सापडते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ब्रिटनने सूत व कापड बनवण्याच्या यंत्रांची निर्यात बंद ठेवली होती आणि कुशल कारागिरांनाही परदेशी कामास जाण्यास मनाई होती. या विद्येवरच देशाची आघाडी उभी आहे, ती बाहेर गेली की धंदाही जाईल, असा त्यामागचा हिशेब होता. कारागिरांवरची बंदी १८२४ मध्ये उठली, यंत्रांवरची १८४३ मध्ये. यंत्रे बनवणारे कारखानदार बंदी उठवा म्हणत होते आणि सूत कातणाऱ्या गिरणीमालकांपैकी अनेकजण ती राहू द्या म्हणत होते. दोन्ही पक्ष एकाच परगण्यातले, बऱ्याचदा एकाच गावातले. बंदी उठली आणि दहा-बारा वर्षांच्या आत मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांनी ‘बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी’ स्थापन केली. ताडदेव येथील तिची गिरणी १८५६ मध्ये चालू झाली. ती बंदी उठली नसती तर मुंबईची गिरणी निदान त्या दशकात तरी निघाली नसती. गिरणगावाच्या आरंभाची चर्चा करताना दावरांचे धाडस सांगितले जाते व ते योग्यच आहे, पण १८४३ ही तारीखही त्याच्या जोडीने सांगितली पाहिजे.

वर्नेथचा कारखाना वाढला तसा तो कामगार चळवळीच्या इतिहासातही आला. १८५१ च्या जानेवारीत यंत्र कारागिरांच्या अनेक जुन्या संघटना एकत्र येऊन ‘अमॅल्गमेटेड सोसायटी ऑफ इंजिनिअर्स’ ही देशव्यापी संघटना झाली आणि त्याच वर्षी तिचा पहिला मोठा वाद ओल्डहॅममध्ये हिबर्ट-प्लॅट यांच्या कारखान्यात पेटला. लोखंडाचा पृष्ठभाग रंधून सपाट करणारी नवी स्वयंचलित यंत्रे आली होती, आणि पूर्वी जे काम सात वर्षे उमेदवारी केलेला कारागीर छिन्नी व कानशीने करी ते आता थोडक्या दिवसांत शिकलेल्या मजुराकडून करून घेता येऊ लागले होते. कारागिरांची मागणी अशी की या यंत्रांवर शिकलेलीच माणसे असावीत, सक्तीचा जादा वेळ बंद व्हावा आणि नगावर मजुरी देण्याची पद्धत थांबावी. मालकांनी एकजूट करून १८५२ च्या जानेवारीत लँकेशायर व लंडनमधील कारखान्यांना टाळे लावले. तीन महिन्यांनी कारागीर कामावर परतले ते, संघटनेशी संबंध ठेवणार नाही, अशा मजकुराच्या कागदावर सही करून. इंग्रज कामगारांच्या बोलण्यात तो नुसता ‘दस्तऐवज’ म्हणून ओळखला जातो. अनेकांनी सही केली आणि संघटनाही सोडली नाही. पोटासाठी सही देणे भाग पडले तरी मन दिले नाही, असे या माणसांचे वर्तन होते आणि त्यात कमीपणा पाहण्याचे कारण नाही.

या कारखान्यातून जे बाहेर पडे त्याचे स्वरूप समजून घेतल्याशिवाय वर्नेथचा व्याप कळत नाही. कापसाची गाठ फुटली की तो मोकळा करणे, त्यातील कचरा काढणे, पिंजणे, पिंजलेल्या कापसाचा पेळू करणे, तो पेळू अनेक टप्प्यांत ओढून बारीक करणे आणि शेवटी त्याला पीळ देऊन चातीवर सूत गुंडाळणे, या साऱ्या क्रियांसाठी लागणारी वेगवेगळी यंत्रे प्लॅट कंपनी एकाच छपराखाली बनवी, त्यामुळे परदेशातल्या ग्राहकाला संपूर्ण गिरणीची यंत्रसामग्री एकाच ठिकाणी मागवता येई. यंत्रांचे सांगाडे बिडाचे, म्हणजे साच्यात ओतलेल्या लोखंडाचे असत. त्यामुळे ओतशाळा हा कारखान्याचा गाभा होता, आणि तिच्या मागे लोहारकाम, कातकाम, सुतारकाम व जुळणी अशी खाती होती. कंपनीच्या स्वतःच्या कोळशाच्या खाणीही होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कामगारांची संख्या १२,००० च्या पुढे गेली होती. एका शहराच्या एका कोपऱ्यातील एका कंपनीसाठी ही संख्या विलक्षण म्हटली पाहिजे.

प्लॅट कंपनीची कीर्ती मुख्यतः ‘म्यूल’ या यंत्रावर उभी होती. सॅम्युएल क्रॉम्प्टनने १७७९ मध्ये ते तयार केले आणि १८२५ ते १८३० या काळात रिचर्ड रॉबर्ट्सने त्याला स्वयंचलित रूप दिले. यंत्राची एक बाजू स्थिर, तिच्यावर पेळूच्या कांड्या. दुसरी बाजू म्हणजे चाकांवरचा लांबलचक गाडा, ज्यावर शेकडो चात्या ओळीने उभ्या असत. गाडा स्थिर बाजूपासून सुमारे पाच फूट बाहेर येई, येताना सारे धागे एकाच वेळी ताणले जाऊन त्यांना पीळ बसे. टोकाला क्षणभर थांबून तो परत आत जाई आणि जाताना झालेले सूत चात्यांवर गुंडाळले जाई. मिनिटाला तीन-चार वेळा ही ये-जा दिवसभर चाले. जेथे धागा तुटे तेथे पोरगा गाड्याबरोबर चालत, वाकून, दोन बोटांनी धागा सांधून पुन्हा मागे सरे. तेल गळून लाकडी फरशी बुळबुळीत झालेली असे, म्हणून हे काम अनवाणी पायांनी करावे लागे. गाडा परत येण्याआधी हात काढून घेण्याचा अदमास पोराला अंगवळणी पडावा लागे, आणि तो चुकला तर बोटे जात. अर्धा दिवस शाळा व अर्धा दिवस गिरणी, अशी पद्धत लँकेशायरमध्ये पहिल्या महायुद्धानंतरपर्यंत टिकली आणि १९१८ च्या शिक्षण कायद्याने ती संपवण्याची तरतूद झाली. ही पद्धत चालू राहावी असे म्हणणाऱ्यांत पालकही होते, कारण पोराची मजुरी घरखर्चात धरलेली असे.

वर्नेथच्या गल्ल्या याच वेळापत्रकावर चालत. विटांच्या सलग ओळीतली घरे, शेजाऱ्याशी भिंत सामाईक, खाली दोन खोल्या व वर दोन खोल्या, मागे फरसबंद अंगण आणि अंगणाच्या टोकाला शौचकूप, असा घराचा सर्वसाधारण नमुना होता. मुंबईच्या चाळीशी त्याची तुलना सहज सुचते. तीत एक मूलभूत फरक लक्षात ठेवावा लागतो. चाळीत एका खोलीत गावाकडून एकटे आलेले अनेक पुरुष राहत आणि त्यांचे घर कोकणात किंवा घाटावर असे. वर्नेथच्या घरात सबंध कुटुंब राहत असे आणि त्या कुटुंबाला परत जाण्यासाठी गाव उरलेले नव्हते. धंदा मंदावला तर मुंबईच्या कामगाराला गावाची वाट होती, ओल्डहॅमच्या कामगाराला ती नव्हती. पहाटे हातात लांब काठी घेतलेला माणूस गल्लीतून फिरे आणि ठरलेल्या घरांच्या माडीवरच्या खिडक्यांवर टकटक करून माणसांना जागे करी. आठवड्याला काही पेनी हा त्याचा मेहनताना. थोड्या वेळाने लाकडी तळाच्या व लोखंडी नालेच्या जोड्यांचा आवाज दगडी रस्त्यांवर सुरू होई. वर्षातून एकदा, ऑगस्टच्या अखेरीस, साऱ्या गिरण्या एकदम बंद होत. मूळची ही चर्चची जत्रा. तिला ‘वेक्स’ म्हणत, आणि रेल्वे आल्यावर त्या सुट्टीत सबंध गल्ल्या ब्लॅकपूलच्या समुद्रकिनाऱ्यावर लोटू लागल्या. त्या दिवसांत धुराड्यांतून धूर निघत नसे आणि वर्षभर न दिसणारे डोंगर दिसू लागत.

वर्नेथचा दुसरा चेहरा उंचावरच्या कॉपिस या भागात आणि वर्नेथ पार्कच्या परिसरात होता. तेथे गिरणीमालक, व्यवस्थापक, डॉक्टर यांची प्रशस्त घरे होती. हेन्रीचा मुलगा जॉन प्लॅट ओल्डहॅमचा तीनदा महापौर आणि १८६५ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १८७२ पर्यंत, पार्लमेंटचा सभासद होता; कारागिरांना विज्ञान व रेखाकलेचे शिक्षण मिळावे म्हणून त्याने शाळा उभारण्यात पुढाकार घेतला. त्याचा धाकटा भाऊ जेम्स १८५७ मध्ये पार्लमेंटवर निवडून आला आणि त्याच वर्षी सॅडलवर्थच्या माळावर शिकारीत शहराच्याच महापौराच्या बंदुकीची गोळी चुकून लागून मरण पावला. वर्नेथ पार्कमध्ये पुढे लीज घराणे राहिले. या घराण्यातील सारा लीज १९०७ मध्ये ओल्डहॅमच्या नगरसेविका आणि १९१० मध्ये महापौर झाल्या. इंग्लंडमध्ये महापौरपद भूषवणाऱ्या त्या दुसऱ्या महिला. समाजसुधारक मेरी हिग्ज यांच्या जोडीने त्यांनी शहर सुंदर करण्यासाठी संस्था काढली आणि वर्नेथच्या दक्षिणेस हॉलिन्स येथे कामगारांसाठी बागांसह घरांची वसाहत उभारली, जी १९०९ मध्ये खुली झाली. १९३५ मध्ये सारा लीज यांच्या निधनानंतर त्यांची कन्या मार्जरी हिने वर्नेथ पार्क शहराला देऊन टाकले. संगीतकार विल्यम वॉल्टन याचा जन्म १९०२ मध्ये वर्नेथ हॉल रोडवरील एका घरात झाला, हेही येथे नोंदवावे. त्याचे वडील गायनशिक्षक व चर्चमधील वादक होते, आणि लँकेशायरच्या गिरणी गावांत समूहगायनाची जी जिवंत परंपरा होती तिच्यात तो वाढला.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील बंदरे अडवली गेली आणि लँकेशायरला अमेरिकन कापूस मिळेनासा झाला. ‘कापसाचा दुष्काळ’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या चार वर्षांत वर्नेथ आणि महाराष्ट्र यांची गाठ पहिल्यांदा घट्ट बसली. मुंबईहून येणाऱ्या हिंदुस्थानी कापसाला, तो खानदेशातला असो की वऱ्हाडातला, तिकडे सरसकट ‘सुरत’ म्हणत. त्याचा तंतू आखूड, त्यात कचरा फार, आणि अमेरिकन कापसासाठी बसवलेल्या यंत्रांवर तो सारखा तुटे. धागे सांधता सांधता कामगार थकून जात, उत्पादन घटे आणि नगावर मिळणारी मजुरीही घटे, त्यामुळे ‘सुरत’ हा शब्दच लँकेशायरमध्ये निकृष्ट मालाला लावला जाऊ लागला. तरीही ओल्डहॅमने इतरांच्या मानाने चांगला तग धरला, कारण येथे मुळात जाड व मध्यम सूत कातले जाई, ज्याला आखूड तंतू चालवून घेता येतो, आणि यंत्रांत हवे ते फेरफार करून देणारा कारखाना दाराशी होता. ज्यांना काम उरले नव्हते अशा गिरणी कामगारांच्या हातून याच काळात शहराचे अलेक्झांड्रा पार्क हे उद्यान तयार करवून घेण्यात आले. जॉन प्लॅटचा पुतळा आज तेथेच आहे. इकडे मुंबईत त्याच कापसाने पैशाचा पूर आणला, कंपन्यांचे पेव फुटले, प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या सट्टेबाजांच्या नावावर समुद्र बुजवण्याच्या योजना विकल्या गेल्या, आणि युद्ध संपल्यावर १ जुलै १८६५ रोजी सारा डोलारा कोसळला. ओल्डहॅमची उपासमार आणि मुंबईची श्रीमंती यांचे कारण एकच होते, व ती श्रीमंती ओसरल्यावर जे भांडवल शिल्लक राहिले त्यातील काही पुढच्या दशकात गिरण्यांकडे वळले.

त्या गिरण्यांत वर्नेथची यंत्रे आली. कारखान्यात यंत्र एकदा संपूर्ण जुळवून, चालवून पाहिले जाई; मग सुटे करून, भागांवर खुणा घालून लाकडी पेट्यांत भरले जाई आणि रुळांवरून लिव्हरपूल बंदराकडे रवाना होई. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर मुंबईचा प्रवास आफ्रिकेला वळसा न घालता होऊ लागला. पेट्यांच्या मागोमाग जुळणी करणारे फिटर येत, आणि काही मंडळी सूत मास्तर, विणकाम मास्तर म्हणून मुंबईतच नोकरी धरत. त्यांच्या तोंडची गिरणीतली नावे कोकणी व घाटी कामगारांनी आपापल्या उच्चारांत घेतली: बॉबीन, जॉबर, फिटर, मास्तर. म्यूलखेरीज ‘थ्रॉसल’ नावाचे दुसरे एक कताई यंत्र होते, ज्याचा आवाज थ्रॉसल या गाणाऱ्या पक्ष्यासारखा वाटे म्हणून लँकेशायरच्या लोकांनी त्याला हे नाव दिले. गिरणगावातील ‘त्रासनखाते’ या नावात त्याचाच ध्वनी ऐकू येतो. पण जेथे घरचा शब्द होता तेथे लोकांनी तो सोडला नाही. चाती, पेळू, धोटा, साचा हे शब्द इंग्रजी यंत्रांवर जसेच्या तसे बसले, कारण यंत्र जे काम करीत होते ते या माणसांच्या आजी-पणजीने हाताने केलेले होते.

जपानची गोष्टही याच कारखान्यातून जाते. सात्सुमा सरदारांनी १८६७ मध्ये कागोशिमा येथे उभारलेली सूतगिरणी प्लॅट यंत्रांची होती, आणि १८८३ मध्ये सुरू झालेल्या ओसाका स्पिनिंग कंपनीच्या १०,५०० चात्याही वर्नेथच्याच होत्या. मुंबईच्या सुताला चीनची बाजारपेठ मिळाली आणि लँकेशायरचे जाड सूत तेथून हटले. पुढे त्याच बाजारातून मुंबईचे सूत हटवले ते जपानने. एकाच ओतशाळेतून निघालेली यंत्रे तीन देशांत एकमेकांविरुद्ध चालत होती. ओल्डहॅमच्या गिरणीमालकांना हे दिसत नव्हते असे नाही. हिंदुस्थानी गिरण्यांना रोखण्यासाठी लँकेशायरने सरकारवर जो दबाव आणला त्यातून १८९६ मध्ये हिंदुस्थानी गिरणी कापडावर साडेतीन टक्के उत्पादन कर बसला; आयात कापडावरील जकातीने लँकेशायरचा तोटा होऊ नये म्हणून तेवढाच कर इकडच्या मालावर लावणे, एवढाच त्याचा उद्देश होता. पुण्यात टिळकांनी त्याविरुद्ध रान उठवले, महाराष्ट्रातील शहरांत परदेशी कपड्यांच्या होळ्या झाल्या. स्वदेशी चळवळीचे बंगालमधील पर्व त्यानंतर नऊ वर्षांनी आले. हा कर जाण्यास १९२६ साल उजाडले. लँकेशायरचे सूतवाले मुंबईच्या गिरण्यांवर कर मागत असताना त्याच लँकेशायरचे यंत्रवाले त्या गिरण्यांच्या ऑर्डरी नोंदवत होते, आणि वर्नेथच्या एकाच घरात बाप ओतशाळेत व मुलगी सूतगिरणीत असणे नेहमीचे असल्याने हा विरोध घरातल्या चुलीपर्यंत पोहोचत होता.

याच्या जोडीला ओल्डहॅममध्ये भांडवलाचा एक नवा प्रयोग झाला. १८५८ च्या सुमारास कामगारांच्या सहकारी चळवळीतून सन मिल ही गिरणी निघाली. तिच्या यशानंतर, विशेषतः १८७३ ते १८७५ या तेजीच्या वर्षांत, लहान रकमेच्या भागांवर चालणाऱ्या गिरणी कंपन्यांची लाट आली. शिंपी, दुकानदार, खुद्द कताई कामगार या कंपन्यांचे भागधारक होते आणि त्यांना ‘ओल्डहॅम लिमिटेड’ असे सामुदायिक नाव पडले. या गिरण्यांना यंत्रे अर्थातच वर्नेथने दिली. १९११ मध्ये एकट्या ओल्डहॅममध्ये १ कोटी ६४ लाख चात्या होत्या, सबंध ब्रिटनमध्ये ५ कोटी ८० लाख, आणि जगात १४ कोटी ३५ लाख. म्हणजे जगातल्या दर नऊ चात्यांमागे जवळजवळ एक या एका शहरात फिरत होती. वर्नेथमध्येच ब्लॉक लेनजवळ १९०७ मध्ये बांधलेली हार्टफर्ड मिल ही लाल विटांची प्रचंड गिरणी या भरभराटीच्या अखेरच्या पर्वातली आहे.

या भरभराटीतच एक चूक वाढत होती. धागा ओढणे, पिळणे व गुंडाळणे ही तिन्ही कामे न थांबता करणारे ‘रिंग’ हे यंत्र पुढे आले होते. ते म्यूलपेक्षा थोड्या जागेत अधिक सूत देई आणि त्यावर म्यूलइतकी कुशल माणसे लागत नसत. नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये, जी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली होती, जमशेदजी टाटांनी ते १८८० च्या दशकातच आणले. ओल्डहॅमच्या मालकांनी मात्र म्यूल धरून ठेवले, कारण ते चालवणारे कसबी कामगार त्यांच्या गल्लीत होते, आणि जुनी यंत्रे अजून उत्तम चालत होती. चांगले यंत्र पन्नास वर्षे टिकते हा प्लॅट कंपनीच्या बिडाचा गुण तिच्या घरच्या गिऱ्हाइकांना शेवटी महाग पडला.

पहिल्या महायुद्धानंतर परदेशच्या बाजारपेठा परत आल्या नाहीत. १९२२ मध्ये किइचिरो तोयोदा हा जपानी तरुण यंत्रविद्या पाहण्यासाठी ओल्डहॅमला येऊन प्लॅट कारखान्यात राहिला होता. सातच वर्षांनी, १९२९ च्या डिसेंबरमध्ये, त्याच कारखान्याने तोयोदांच्या स्वयंचलित मागाचे हक्क, जपान, चीन व अमेरिका वगळून इतर देशांसाठी, १,००,००० पौंडांना घेण्याचा करार केला. ज्यांना वर्नेथने शिकवले त्यांच्याकडून वर्नेथला विकत घ्यावे लागले. तोयोदांच्या घराण्यातून पुढे टोयोटा मोटार कंपनी उभी राहिली. १९३१ मध्ये मंदीच्या तडाख्यात प्लॅटसह लँकेशायरच्या अनेक यंत्र कंपन्या एका छत्राखाली विलीन झाल्या. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये गांधीजी लँकेशायरला आले व डार्वेनच्या बेकार कामगारांनी त्यांचे आपुलकीने स्वागत केले, ही हकीकत सुपरिचित आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर ज्या गिरण्या उरल्या त्यांनी यंत्रे चोवीस तास चालवून खर्च भरून काढण्याचा प्रयत्न केला. रात्रपाळीत स्त्रियांना कामावर घेण्यास कायद्याची बंधने होती आणि स्थानिक पुरुष ती पाळी पत्करेनात, त्यामुळे १९५० आणि १९६० च्या दशकांत मीरपूर, पाकिस्तानी पंजाब आणि सिल्हेट येथून तरुण माणसे आली. वर्नेथ, कॉपिस, ग्लॉडविक येथील स्वस्त झालेल्या विटांच्या घरांत ती आधी आठ-दहाजणांनी मिळून राहिली, पुढे बायकामुले आली आणि गल्ल्यांत मशिदी, किराणा दुकाने, कापडाची दुकाने सुरू झाली. गिरणगावातील खोलीत पाळीप्रमाणे अंथरूण वाटून घेणाऱ्या कोकणी गिरणी कामगारांची आठवण या पहिल्या वर्षांच्या वर्णनाने येते. तसेच पैसे गावी पाठवणे आणि एक दिवस परतण्याचा बेतही दोघांचा सारखाच. ज्या धंद्यासाठी ही माणसे आली तो मात्र एका पिढीच्या आत संपला. हार्टफर्ड मिलमधील कताई १९५९ मध्येच थांबली होती, आणि गोदाम म्हणून वापरली गेलेली ती इमारत बरीच वर्षे रिकामी उभी राहून २०२० मध्ये पाडण्यात आली. वर्नेथचा जुना चढाचा मार्ग १९६३ मध्ये बंद झाला, वर्नेथ स्थानक ३ ऑक्टोबर २००९ रोजी.

प्लॅट कंपनीच्या हार्टफर्ड न्यू वर्क्सचे काम १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस थांबले. मुंबईत १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा जो संप सुरू झाला तोही त्याच सुमाराचा. त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली आणि त्यांतील यंत्रे वजनावर भंगारात निघाली. त्या यंत्रांच्या शेवटच्या खांबावर, कामगाराच्या नजरेच्या उंचीला, कारखान्याचे नाव आणि त्याखाली ‘ओल्डहॅम’ ही अक्षरे बिडातच ओतलेली असत, आणि रोज तेल-पाणी करणाऱ्या हातांनी पुसून पुसून ती गुळगुळीत झालेली असत.